बंद मोटर बंद आहे का, ते बघण्याचं काम

मी कंपनीत काय करायचो, असं आमच्या गावात कुणालाही विचारा. "म्हातारा नदीवर बसून मोटर चालू-बंद करायचा आणि पगार घ्यायचा," एवढंच सांगतील. खोटं काही नाही त्यात. पण या अंकाचे संपादक म्हणाले, तुमचं काम लोकांना माहीत नाही, लिहा. म्हणून लिहितोय. माझी शाळा सातवीपर्यंत. जड शब्द मला सापडायचे नाहीत आणि गोड बोलायची मला सवय नाही. घरात गोड बोलणारं एकच माणूस होतं, ते गेलं.

रहिमतपुरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटर खोलायची, काळी पडलेली तार ओढून काढायची, नवी भरायची. डोळे अधू झाले, बारीक तारेचे वेढे चुकायला लागले, तसं दुकान बंद केलं. त्याच सुमाराला साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीला माणूस पाहिजे होता. कंपनी मोबाईल स्टार्टर बनवायची. म्हणजे नदीवर, विहिरीवर मोटरच्या पेटीशेजारी एक डबा बसतो, त्यात सिमकार्ड असतं. घरात बसून फोन लावला की तिकडं मोटर लागते. डबा सोपा आहे. अवघड आहे ते त्यातलं सॉफ्टवेअर, म्हणजे कधी काय करायचं हे डब्याला जे शिकवलेलं असतं ते. ते एका दमात शिकवता येत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं नवं शिकवायचं, ते तपासायचं, शेतकऱ्याकडं लावायचं, त्याच्या शिव्या ऐकायच्या, परत शिकवायचं. ऑफिसात याला स्प्रिंट म्हणत. मी फेरी म्हणायचो. आणि मी होतो तपासणारा.

माझ्या वरती मंजिरी. सांगलीची पोरगी, माझ्या सुनेच्या वयाची. तिनं मला हे काम शिकवलं, आणि पहिला धडा मला झोंबला होता.

पहिल्याच फेरीत मी नदीवर दिवसभर बसून सगळं तपासलं. डब्याचं झाकण घट्ट बसतं का, दिवा कुठल्या रंगाचा लागतो, फोन लावल्यावर किती वेळानं मोटर लागते, मेसेजात मराठी नीट आहे का. दुपारनंतर लाईट गेली, मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी मंजिरीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, एक फेज गेल्यावर मोटर बंद झाली का?"

शेतीच्या मोटरला तीन तारांतून वीज येते. त्यातली एक गेली आणि मोटर तशीच फिरत राहिली तर जळते. माझं सगळं दुकान त्याच जळक्या मोटरांवर चाललं होतं. आणि नेमकं तेच बघायचं राहिलं होतं, कारण तोवर लाईट गेली.

"मग ही फेरी वाया गेली," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, त्याचा जास्त राग आला.

"दिवसभर उन्हात बसलोय मी. वाया कशी गेली?"

"आपण ही फेरी कशासाठी काढली होती काका? फेज गेली तर मोटर वाचते का, ते बघायला. दिव्याचा रंग पुढच्या फेरीत बघितला असता तर कुणाचं काय जळलं असतं?"

त्यानंतर दर फेरीच्या पहिल्या सोमवारी ती मला फळ्यासमोर बसवायची. फळ्यावर तीन रकाने. या वेळी काय पक्कं करायचंय. त्यासाठी काय काय बघायचं. आणि काय बघायचं नाही. खाली एक ओळ, कुठं थांबायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं, तपासणं म्हणजे दिसेल ते तपासणं. तसं करणारा माणूस लवकर दमतो आणि महत्त्वाच्या वेळी लाईट जाते. मला सगळ्यात जड जायचा तो तिसरा रकाना. समोर दिसणारी गोष्ट ठरवून सोडून द्यायची, हे माझ्या हाडात नव्हतं. पण शिकलो.

त्या तिसऱ्या रकान्यापायी शिव्याही खाल्ल्या. कोरेगावकडं एक रिटायर सुभेदार होते, ऊसवाले. त्यांचा फोन आला की ऑफिसातलं कोण उचलायचं नाही, माझ्याकडं द्यायचे. एकदा म्हणाले, "तुमचा डबा मला खोटा रिपोर्ट देतोय. म्हणतोय मोटर चालू. आन् रानात पाण्याचा थेंब न्हाई."

मी जाऊन बघितलं. मोटर चालूच होती. खाली पाण्यातला फूटवॉल्व, म्हणजे पाईपच्या तोंडची झडप, निकामी झालेला, त्यामुळं पाणी चढत नव्हतं. मी म्हणालो, "सायेब, मोटर चालू हाय का बंद, एवढंच डबा सांगतो. पाणी येतंय का ते त्याला कळत न्हाई. ते आमच्या ह्या फेरीत न्हाई."

"फेरीत न्हाई? मग मी काय मोटरचा आवाज ऐकायला पैसे भरल्यात व्हय? सेंट्रीला इचारलं, काय दिसतंय, तर तो म्हनतोय मी उभा हाय."

मी हे जसंच्या तसं मंजिरीला सांगितलं. ती हसली, मग हसायची थांबली आणि पुढच्या सोमवारी फळ्यावरचं 'पाणी येतंय का' हे वाक्य तिसऱ्या रकान्यातून पहिल्यात घेतलं. काम असं चालायचं. आज सोडलेलं कायमचं सोडलेलं नसतं, पण आज सोडायचं म्हणजे सोडायचं.

आता मंडळींविषयी लिहितो.

आमच्या मंडळींचं नाव शेवंता. मोबाईल स्टार्टर तपासायला माणसं दोन लागतात. एकानं मोटरपाशी उभं राहायचं, दुसऱ्यानं लांबून फोन लावायचा. कंपनीकडं एवढी माणसं कुठली? म्हणून आमच्या नदीवरच्या मोटरला डबा बसवला, त्यात माझा आणि तिचा असे दोन नंबर घातले. ती घरात ओसरीवर बसून बटण दाबायची, मी खाली नदीला. तिला वाचता येत नव्हतं. म्हणून तिच्यासाठी मिस कॉल. तिनं एक मिस कॉल दिला की मोटर लागायची, दुसरा दिला की बंद. आणि रानातली लाईट आली की डबा तिच्या फोनवर एक रिंग द्यायचा, म्हणजे वाचायला नको. आमचं घरही गावाबाहेर, त्याच लाईनीवर.

मग तिचा फोन माझ्या फोनवर यायचा. "आवं, लागली का?"

"लागली. आता बंद कर."

"झाली का बंद?"

"झाली. आता परत लाव, पण लगोलग दोनदा दाब."

"दोनदा कशापायी?"

"एखादा दाबतो घाईनं. मोटरचं काय होतंय ते बघायचंय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही फोनवर कधी बोललो नव्हतो. बोलायचं काय, एकाच घरात तर होतो. या कामानं ते बोलणं सुरू झालं. ती मला चिडवायची. एका फेरीत एवढंच बघायचं होतं की बंद केलेली मोटर लाईट जाऊन आल्यावर आपोआप लागत नाही ना. सकाळपासून मी तिथं बसलेलो. लाईट जाते, येते, मोटर गप्प. तिचा फोन आला, "काय चाललंय?"

"काय न्हाई. मोटर बंद हाय."

"बंद केलेली मोटर बंद हाय का ते बघायला तुमाला पगार देत्यात व्हय? मलाबी लावा की कामाला. मी चुलीपुढं बसून बघीन, विझलेली चूल विझलीया का."

मी नदीवर एकटाच हसत बसलो होतो.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात ती गेली. छातीत दुखलं, साताऱ्याला नेलं, दोन दिवस ठेवलं, आणि गेली. पोरगा शिरवळला कंपनीत आहे, तो तेरावा करून परत गेला. चल म्हणाला. मी म्हणालो, तिथं आपली नदी न्हाई. खरं कारण ते नव्हतं.

खरं कारण हे की तिचा फोन मी भिंतीतल्या देवळीत ठेवला होता, चार्जिंगला लावून. त्याचा रिचार्ज मी भरत होतो. रोज रानातली लाईट आली की डबा त्या फोनवर एक रिंग द्यायचा. कधी सकाळी, कधी भर दुपारी. घरात भांड्याचा आवाज नाही, बांगडीचा नाही. आणि एकदम तिचा फोन वाजायचा. एकच रिंग. उचलायला जायचं काही काम नव्हतं, तरी मी ओसरीवरून उठून आत जायचो. ती असताना मी म्हणायचो, "आली गं लाईट." ते तोंडातून तसंच निघायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढं उन्हाळ्यात पलूसकडनं तक्रार आली. द्राक्षबागाईतदार, दोघं भाऊ. धाकट्यानं मोटर बंद करून पंप खोलला होता. पाणी गळू नये म्हणून पंपाच्या दांड्याभोवती दोरी भरतात, ती बदलत होता. हात आत, आणि मोटर लागली. नशीब, दांड्यानं बाही धरली आणि शर्ट फाटला. नख गेलं, हात राहिला. मी आणि मंजिरी गेलो तेव्हा तो हाताला फडकं गुंडाळून बांधावर बसला होता. थोरला माझ्या अंगावर आला, "तुमचा डबा आपोआप मोटर लावतोय. ह्याचा हात गेला असता तर तुमी घास भरवायला येणार हुता काय?"

मंजिरीनं डब्यातून काढलं की त्या वेळी कुणाचा फोन आला होता. नंबर त्यांचाच निघाला, डब्यात घातलेला तिसरा. थोरला बघतच राहिला. "ह्यो आमच्या वडलांचा, दादांचा नंबर. दादा जाऊन दोन वर्षं झाली."

मंजिरीनं तो नंबर लावला. पलीकडून बाईचा आवाज. मिरजेतली शिवणकाम करणारी बाई निघाली. सिमला रिचार्ज पडला नाही की सिमवाली कंपनी तो नंबर बंद करते आणि पुढं दुसऱ्याला देते. दादांचा नंबर तिला गेला होता. ती मंजिरीवरच घसरली. "कोण आहे हो हा? रोज मला एक रिंग देतो आणि ठेवून देतो. परत लावला तर कापतो. आज म्हटलं, सोडायचाच नाही, शिव्याच घालायच्या. लागोपाठ लावला."

ती बिचारी शिव्या घालायला फोन लावत होती, आणि इकडं मोटर लागत होती.

सोमवारी मंजिरीनं फळा पुसला. नवी स्क्रीन, नवं अॅप, सगळं तिसऱ्या रकान्यात ढकललं. पहिल्या रकान्यात एकच ओळ लिहिली. ज्याचा मोटरवर हक्क राहिला नाही, त्याच्या फोननं मोटर लागता कामा नये. मग काय करायचं ते ठरलं. जो नंबर बरेच महिने वापरला नाही, त्याच्याबद्दल डबा मालकाला विचारेल, ठेवायचा की काढायचा. मालकानं काढ म्हटलं तर काढायचं. काढलेल्या नंबरानं मोटर लागू नये आणि लाईट आल्याची रिंगही त्या नंबराला जाऊ नये. दोन्ही झालं तरच पास.

"तपासायला असा नंबर पाहिजे," मंजिरी म्हणाली, "खरोखरच महिनोन्महिने गप्प असलेला, आणि खऱ्या मोटरवरचा."

स्वप्नील म्हणून सॉफ्टवेअर लिहिणारा पोरगा होता, वाईचा. तो म्हणाला, "ऑफिसातल्या डब्याचं घड्याळ पुढं करतो की. डब्याला वाटेल, महिने झाले."

"ते कर. पण टेबलावरच्या डब्याला ना खरी लाईट, ना नदीवरचं नेटवर्क. एक तरी खरा पाहिजे."

मला बोलता आलं असतं, पण जीभ उचलली नाही. चहाच्या सुट्टीत मंजिरी खिडकीपाशी एकटी होती तेव्हा जाऊन म्हणालो, "हाय एक नंबर. मंडळींचा."

मी रिंगचंही सांगितलं. का सांगितलं ठाऊक नाही.

"काका, तो नको," ती म्हणाली. "आपण दुसरीकडं शोधू."

"कुठं शोधणार? मेलेल्याचा नंबर चालू ठेवणारं दुसरं येडं कोण हाय?"

"मग असं करू. तुमच्या डब्यावर 'ठेवा' म्हटलं की नंबर राहतो का, तेवढंच बघू. 'काढा' ऑफिसात बघू. एक खरा, एक टेबलावरचा. चालेल तसं."

तिनं मला वाट काढून दिली होती. तपासणीच्या हिशेबानं ती वाट अगदीच चुकीची पण नव्हती. एकदा 'ठेवा' म्हटलं की तो नंबर डब्याच्या लेखी ताजा होतो, परत 'काढा' बघता येत नाही. एकाच नंबरावर दोन्ही होणार नव्हतं. काहीतरी एक सोडावंच लागणार होतं. मी म्हणालो, उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर दात घासत होतो. देवळीतला मंडळींचा फोन वाजला. मी आत गेलो. आणि तेवढ्यात पुतण्या संभा दारावरनं गेला, खांद्यावर पाना आणि दोरी. आमची मोटर आता तोच बघतो, रान तोच कसतो.

"कुठं रं?"

"पंप गळतोय आण्णा. दोरी भरायला चाललोय."

"पेटीचा फ्यूज काढून घेतोस का आधी?"

"बटन बंद करतो की. लागतंय काय तेवढ्याला?"

तो गेला. मी तिचा फोन हातात घेऊन उभा होतो. मी आहे तोवर मी रिचार्ज भरीन. माझं वय झालंय. मी गेल्यावर हा नंबर कोण भरणार? मग तो असाच कुणातरी परक्याच्या खिशात जाणार, रोज त्याला रिंग जाणार, एक दिवस तो वैतागून परत फोन लावणार. आणि पंपात संभाचा हात असला तर?

संभाच्या मागोमाग जाऊन आधी फ्यूज काढला. त्याला चार शब्द सुनावले. मग तिथूनच मंजिरीला फोन लावला. "काढायचं बघू."

"काका, विचार केलात ना? ठेवा बघितलं तरी..."

"ठेवा चुकलं तर काय हुईल? नंबर जाईल. परत घालता येतो. काढा चुकलं तर हात जातोय. तूच शिकवलंयस, आधी काय बघायचं ते."

त्यावर ती म्हणाली, "मी येते नदीवर. दुसरं माणूस लागेल."

"नको. दोन फोन दोन हातांत धरतो."

नवं सॉफ्टवेअर आमच्या डब्यात घातलं. दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर फोन आला, डब्यातला रेकॉर्ड केलेला आवाज. शेवटचे आकडे सांगून म्हणाला, हा नंबर बरेच महिने वापरात नाही. ठेवायचा असेल तर एक दाबा. काढायचा असेल तर दोन दाबा.

मी नदीच्या काठावर मोटरपाशी उभा होतो. संभाला लांब बसवला होता. दोन दाबला. आवाज म्हणाला, नंबर काढला आहे, धन्यवाद. धन्यवाद कशाचे ते स्वप्नीललाच ठाऊक.

मग खिशातून मंडळींचा फोन काढला. तिनं तो धरून धरून कडा गुळगुळीत केल्या होत्या. तिच्या फोनवरनं डब्याला मिस कॉल दिला. एक रिंग गेली. कापला. मोटर लागली नाही. परत दिला. लगोलग दोनदा दिला, घाईनं दाबणारा दाबतो तसा. आम्ही ठरवलं होतं की दर वेळी पुरेसं थांबायचं, कारण नेटवर्क कधी उशिरा पोचतं. मी थांबलो. नदीवर लव्हाळ्यात टिटवी ओरडत होती. मोटर बंदच होती.

सगळ्या नोकरीत मी जे तपासलं ते चालावं म्हणून तपासलं. हे एकच असं होतं की मनातून म्हणत होतो, लाग. एकदा लाग. चुकू दे ह्या पोरांचं. मी खाली बसलो. माझा फोन वाजेल आणि पलीकडनं विचारलं जाईल, काय चाललंय, असं वाटत राहिलं. कोण विचारणार? बंद केलेली मोटर बंद आहे का, ते बघायला मी तिथं बसलो होतो आणि त्याचा पगार घेत होतो.

संभा उठून जवळ आला. "आण्णा, लागली न्हाई न्हवं? मग चांगलंच हाय की."

"चांगलंच हाय," मी म्हणालो.

अर्धं राहिलं होतं. लाईट आल्यावर रिंग जात नाही, हे बघायचं होतं. त्या दिवशी लाईट दुपारी गेली, ती दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती. सकाळी मी तिचा फोन देवळीतून काढून ओसरीवर समोर ठेवला. चहा केला, एकच कप. फोनकडं बघत बसलो. ऊन पायरीवर आलं, पायरीवरून अंगणात गेलं.

आतला पंखा सुरू झाला. रात्री बंद करायचा राहिला होता. लाईट आली होती. खाली नदीवर कुणाच्यातरी मोटरनं सूर धरला, मग दुसऱ्या कुणाच्या. मी सवयीनं उठलो, दारापर्यंत गेलो, परत येऊन बसलो. ठरल्याप्रमाणे पुरेसं थांबलो. त्याहून थोडं जास्तच थांबलो.

मग माझ्या फोननं मंजिरीला फोन लावला. म्हणालो, "लाईट आली. वाजला न्हाई."

तिनं विचारलं, "पास लिहू काका?"

"लिही," मी म्हणालो.